चपला राहू द्या!

खामकर बाईंना बरोबर घेऊन कुणाच्या लग्नाला जाऊ नये, हे आमच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी फार लवकर शिकून घेतलं होतं. मी नवीन होतो, मला कुणी सांगितलं नाही. मिरजगावच्या एका मंगल कार्यालयात गावातल्या एका मुलीचं लग्न होतं. बाई आमच्या मुख्याध्यापिका आणि मी नुकताच रुजू झालेला शिक्षक, तेव्हा माझ्याच मोटारसायकलवर मागं बसून आल्या. अक्षता वाटून झाल्या, भटजींनी माइकवर फुंकर मारून बघितली, आणि शेजारी बघतो तर बाईंची खुर्ची रिकामी.

बाई कार्यालयाच्या मागच्या बाजूला सापडल्या. तिथं एक दार होतं, दाराला कुलूप होतं आणि दारापुढं वऱ्हाडाच्या गाद्या छातीएवढ्या रचून ठेवलेल्या होत्या. नवरीचे मामा नवरीला आणायला लगबगीनं चालले होते. बाईंनी त्यांना वाटेतच धरलं.

“मामा, ह्या दाराची किल्ली कुणापाशी आहे?”

“बाई, मुहूर्त टळाया लागलाय हो!”

“म्हणूनच म्हणते, लवकर आणा. एवढी माणसं आत, जायला-यायला एकच दार, आणि भिंतीपलीकडं स्वयंपाकाचे सिलेंडर. मी काही अशी बसायची नाही.”

मामा बिचारे नवरी सोडून किल्ली शोधायला पळाले. फेटे बांधलेले चार पाहुणे गाद्या उचलायला लागले. तिकडं भटजी माइकवरून मामांना हाका मारतायत, इकडं मामा कुलपात किल्ली फिरवतायत. दार उघडलं, बाहेरचा वारा आत आला, तेव्हा कुठं बाई येऊन बसल्या, त्याही दाराजवळच्या खुर्चीवर. मग मात्र त्यांनी अशा मनापासून अक्षता टाकल्या की जणू घरचंच कार्य आहे. परत येताना मागून म्हणतात, “लग्न कसं निवांत लागलं, नाही का सर?” मामांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पदर कायम खोचलेला. कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. शाळेला शिपाई नव्हताच, त्यामुळं कुलपं लावणं-उघडणं बाईंकडंच. चालताना तो जुडगा वाजायचा आणि पोरं आवाजावरून सावध व्हायची. साध्या बोलण्याचाही आवाज असा की प्रार्थनेला माइक लागत नसे. त्यांचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मिश्कील गृहस्थ. ते म्हणायचे, “हिला सिनेमाला न्यावं तर ही पडद्याकडं कमी आन् दारावरच्या लाल दिव्याकडं जास्त बघती. शेवट काय झाला ते मलाच घरी येऊन सांगावं लागतं.”

रोज संध्याकाळी शाळा सुटली, शेवटचं पोर फाटकाबाहेर पडलं की बाई फाटकाला कुलूप लावायच्या, ते दोनदा ओढून बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, “चला. आज बी काही झालं न्हाई.” एरवी बाईंचं बोलणं पुस्तकी वळणाचं, पण हे एक वाक्य आणि रागात किंवा काळजीत निघालेली वाक्यं त्यांच्या माहेरच्या बोलीत यायची. पहिले काही महिने मला वाटायचं, बाईंना खेडेगावच्या शाळेत कंटाळा येतो. दिवस मोकळा गेला म्हणून कुरकुर करतात. ती कुरकुर नव्हती. घरी पाव्हणे येऊन, पोटभर जेवून, गाडीत बसून सुखरूप गेल्यावर घरच्या बाईच्या तोंडावर जे समाधान असतं ना, ते होतं.

आता एवढी काळजी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडून गेलेलं असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे धाकटी बहीण गेली, कुणी म्हणे पहिल्या शाळेत आग लागली होती. एकदा डबा खाताना मी धीर करून विचारलं. बाईंनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

“काहीच झालेलं नाही हो. काही व्हायलाच पाहिजे का? होऊ नये म्हणून तर करायचं सगळं.”

आणि ठेचा पुढं सरकवला. एवढ्या साध्या उत्तरानं माझी तर निराशाच झाली.

मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही, दार उघडायला लावलं. माझ्या वर्गाचं दार आत उघडत होतं. “आता असं समजा, सगळी पोरं एकदम दाराकडं आली. उघडा बरं.” आणि तिसरीची सगळी पोरं माझ्या अंगावर सोडली. मी दाराला चिकटलो, पोरं मला चिकटली. दार काही उघडेना. पोरांना हा प्रकार फार आवडला. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी भागवत मिस्त्रींना बोलावून सगळ्या वर्गांची दारं उलटी बसवायला घेतली, बाहेर उघडणारी. मिस्त्री गावचे जुने सुतार. ते रंधा खाली ठेवून उभेच राहिले.

“बाई, दार भायेर उघडलं की लक्ष्मी भायेर जाती. आमच्यात कुनी बसवत न्हाई असं.”

“मिस्त्री, लक्ष्मी आपल्या शाळेत आलीच कधी? ती जाईना का. पोरं बाहेर आली पाहिजेत.”

मिस्त्रींनी दारं बसवली, पण जाताना प्रत्येक चौकटीला हात लावून पाया पडून गेले.

त्यांची दुसरी सवय म्हणजे भिंती वाजवणं. किल्ल्यांच्या जुडग्यातली सगळ्यात जाड किल्ली घेऊन त्या भिंतीवर टकटक करायच्या आणि कान द्यायच्या. गिलावा धरून असेल तर आवाज भरीव, सुटला असेल तर पोकळ. पोरांना त्यांनी हे विज्ञानाच्या तासाला शिकवलं आणि इथंच चूक केली. गावातल्या एका बड्या कंत्राटदारानं बंगला बांधला. वास्तुशांतीला गाव जेवायला बोलावलं. आमची पोरं पंगतीत बसायच्या आधी सगळ्या घरभर पांगली, हातात जे मिळेल ते घेऊन, चमचा, पेला, खडा. देवघराच्या भिंतीपाशी चौथीतली एक मुलगी ओरडली, “हितं पोकळ हाय!” मग जिन्यातून आवाज आला, “हितं बी!” पूजेला बसलेला यजमान मागं वळून बघायला लागला. पाहुण्यांमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती आमटीभाताबरोबर वाढतच गेली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाळेत भांडायला आले. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “जिन्यातलं तेवढं दुरुस्त करून घेताय ना? लहान मुलं असतात घरात.” ते आले तसे गेले. पण जिन्याचं काम निघालं, हे मी जाता-येता पाहिलं.

आता चपलांचं सांगतो, कारण सगळं पुढं तिथंच येऊन थांबतं.

आमच्या शाळेला दोन इमारती. एक नवी, तिच्यात वर्ग कमी. दुसरी जुनी, दगडी भिंतींची, वर स्लॅब आणि पुढं लांबलचक पडवी, तिच्यावरही स्लॅब. जुन्या इमारतीत चार खोल्या. पोरं खाली बसकरांवर बसायची, म्हणून चपला दाराबाहेर काढायची. बाईंनी संकटात बाहेर पडायचा सराव सुरू केला. रुळाचा तुकडा टांगलेला आमचा टोल न थांबता वाजला की वह्या-दप्तरं सोडायची, रांगेनं निघायचं आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. पहिल्या सरावाला टोल वाजला, पोरं मोठ्या शिस्तीत उठली, दारापर्यंत आली आणि दारातच खाली बसली. प्रत्येक जण आपापली चप्पल शोधायला लागला. पुढचे वाकलेले, मागचे त्यांच्यावर पडलेले, एक जण चपलेचा अंगठा तुटला म्हणून रडतोय, दुसरीची एक चप्पल सापडली आणि एक सापडत नाही. सराव बघायला आलेली मंडळी पोट धरून हसली. मीसुद्धा हसलो. बाई हसल्या नाहीत.

“दार उलटं करून काय उपेग,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “वाट तर चपलांनीच अडवलीय.”

त्या दिवसापासून चपला दारात काढायला बंदी. पडवीतल्या भिंतीच्या कडेनं एका ओळीत ठेवायच्या, आणि लांब टोल झाला तर त्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही. अनवाणी निघायचं. प्रार्थनेनंतर बाई विचारायच्या, “टोल झाला तर चपला?” आणि सगळी शाळा एका सुरात ओरडायची, “राहू द्या!” पोरांना ओरडायला आवडायचं. आयांना हे आवडलं नाही. मैदानात काटे आहेत, खडे आहेत, पोरांचे पाय सोलतात. एक आई मला म्हणाली, “सर, आमी चपला घालाया लावतो तर तुमच्या बाई काढाया लावत्यात.” पाय सोलले तर बाई स्वतः हळद लावायच्या, पण नियम काही बदलला नाही.

त्यांचा खरा जीव मात्र त्या जुन्या इमारतीनं खाल्ला होता. ती रिकामी व्हावी, पाडली जावी आणि तोवर तिच्यात एकाही पोराला इजा होऊ नये, एवढं एकच त्यांना हवं होतं. सरकारी इमारत पाडायच्या परवानगीला आमच्या खात्यात निर्लेखन म्हणतात. त्यासाठी एक तरुण इंजिनिअर आला. बाई बोलत होत्या आणि तो मान हलवत होता. त्यानं फोटो काढले, “मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे,” म्हणाला आणि कागद वर पाठवला. कागद वर गेला तो वरच राहिला. बाईंनी सगळ्यात वाईट दोन खोल्या बांबू आडवे लावून बंद केल्या. उरलेल्या दोन खोल्यांत वर्ग भरत राहिले, त्यातली एक माझी तिसरी. देवळाचा सभामंडप वर्गाला द्या म्हणून त्यांनी आबांना गळ घातली. आबा देवळाचे मुख्य पंच, गावातले सगळ्यात वजनदार गृहस्थ, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या.

“बाई, पोरं देवळात धिंगाना घालत्यात. आन् शाळंला काय धाड भरलीय? माझ्या बानं बैलगाडीनं दगुड आनून बांधलीय ती. इतकी वर्सं झाली, काय झालंय का?”

बाईंचंच वाक्य आबांच्या तोंडून उलटं होऊन आलं होतं. गावात ज्याला विचारावं तो हेच म्हणायचा, इतकी वर्षं काही झालं नाही.

त्यात जत्रेचा हगामा, म्हणजे कुस्त्या. त्या आमच्याच मैदानावर होतात. आणि कुस्ती बघायची गावातली मानाची जागा कोणती, तर जुन्या शाळेचा माथा! पिढ्यान्‌पिढ्या भावकीनुसार ठरलेल्या जागा. सकाळपासून माणसं शिडी लावून वर चढायची, पडवीच्या कडेला पाय सोडून बसायची, आणि निकाली कुस्ती झाली की सगळा जमाव तिथं उड्या मारायचा. बाईंनी पहिल्या वर्षी शिडी कुलपात ठेवली. लोक लिंबाच्या फांदीवरून वर गेले. दुसऱ्या वर्षी बाईंनी भांडण काढलं नाही. उसाचा हंगाम संपलेला होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घरोघरी रिकाम्या उभ्या होत्या. बाई घरोघरी फिरल्या आणि मैदानाभोवती ट्रॉल्यांचं कडं उभं करून घेतलं. प्रत्येक ट्रॉलीवर भावकीचं नाव खडूनं लिहिलं. सगळ्यात पुढच्या, आखाड्याला खेटून असलेल्या ट्रॉलीत शाळेतली मुख्याध्यापकांची हातांची खुर्ची ठेवली आणि आबांना स्वतः हाताला धरून वर चढवलं. आबांनी एकदा शाळेच्या माथ्याकडं बघितलं, एकदा आखाड्याकडं. “हितून पैलवानाचा घाम बी दिसतोय की,” म्हणाले. त्या वर्षी माथ्यावर फक्त कावळे होते. हगामा संपल्यावर बाईंनी फाटकाला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि आपलं वाक्य म्हटलं. मला पहिल्यांदाच वाटलं, आपणही म्हणावं.

त्याच वर्षी नवरात्र उलटून गेलं तरी पाऊस हटेना. सकाळी मी वर्गात गेलो तर दार अर्ध्यातच अडकलं. ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी हिसकून पाहिलं. जेमतेम पोरं जातील एवढी फट झाली. पोरं आत बसली. मी पडवीतून जाणाऱ्या बाईंना सहज म्हणालो, “बाई, पावसानं दार फुगलंय, मिस्त्रींना सांगायला पाहिजे.”

बाई दोन पावलं पुढं गेल्या आणि वळून आल्या. दाराच्या फळीला हात न लावता त्या वरच्या चौकटीकडं बघायला लागल्या. काल सरळ असलेली चौकट आज एका बाजूनं दबली होती. तिच्यावरच्या भिंतीला बाईंनी किल्ली टेकवली. वाजवलीसुद्धा नाही, नुसती टेकवली. वाळूचे दोन-चार कण त्यांच्या चष्म्यावर पडले.

“फुगलं न्हाई सर,” त्या हळूच म्हणाल्या. “वरनं वझं आलंय.”

त्या पळाल्या नाहीत. पोरं बघत होती म्हणून असेल. चालत टोलापाशी गेल्या आणि टोल वाजवायला लागल्या, न थांबता.

मी पोरांना उठवलं. त्या फटीतून एकेक पोर निघालं, दप्तर नाही, वही नाही. पडवीतून जाताना एकीचा हात सवयीनं चपलेकडं गेला आणि मागच्यानं तिला ढकललं, “राहू द्या!” शेजारचा वर्गही निघाला. नव्या इमारतीतली पोरंही आली. सगळी मैदानाच्या मधोमध चिखलात अनवाणी उभी राहिली. प्रत्येक वर्गाची हजेरी झाली. सगळे होते.

आणि मग काहीच झालं नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. पाऊस झिमझिम पडत होता, इमारत आपली उभी होती. खिचडी करणाऱ्या ताई येऊन सांगून गेल्या की भात चिकट व्हायला लागलाय. एक सहकारी माझ्या कानात म्हणाले, आता ह्या पोरांना ताप आले की गाव आपल्याला जोड्यानं मारणार. पारावरची माणसं छत्र्या घेऊन फाटकात गोळा झाली. त्यात आबा होते. त्यांची नात माझ्याच वर्गात, कुडकुडत उभी.

“बाई, ह्यो काय खेळ मांडलाय? लेकरं भिजाया लागली. पायात चपला बी न्हाईत त्यांच्या.”

“आबा, भिजू द्या. ताप आला तर औषध देऊ.”

“मी आनतो चपला. नातीच्या तेवढ्या आनतो.”

“आबा, चपला राहू द्या!”

आबा ऐकणारे नव्हते. छत्री माझ्या हातात देऊन ते पडवीकडं निघाले. बाई मागून गेल्या आणि सगळ्या गावादेखत त्यांनी आबांचा दंड धरला. आमच्या गावात आबांना अडवायची पुरुषांची छाती होत नाही.

“सोडा बाई. माझ्या बाची शाळा हाय ती. मला काय करायची न्हाई.”

“ती कुनालाच वळखत न्हाई आबा. मी सोडायची न्हाई. मला मारा पायजे तर.”

आबांनी हिसका दिला. बाई चिखलात अर्ध्या घसरल्या, पण हात सुटला नाही. दोघं तसेच उभे असताना पडवी खाली आली. मला वाटलं होतं मोठा धमाका होईल. तसं झालं नाही. आधी एक लांब करकर, मग खांब वाकला आणि अख्खा स्लॅब माझ्या वर्गाच्या दारासकट खाली बसला. भर पावसात धुळीचा लोट उठला. धूळ बसल्यावर सगळं एकदम शांत झालं. आबांचा दंड आता कुणी धरला नव्हता, आबांनीच बाईंचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आवाज शिवारात पोचला. कांदालावणीला गेलेल्या बायका चिखलाच्या हातांनी पळत आल्या. सगळ्यांत आधी वैशाली आली, माझ्या वर्गातल्या श्रेयाची आई. ती बाजूच्या बोळातून आली. तिथून मैदान दिसत नाही, फक्त पडवी दिसते. तिला दिसला कोसळलेला स्लॅब आणि त्याच्या कडेखालून बाहेर आलेल्या ओळीनं मांडलेल्या चपला. त्यात एक पिवळी, फुलाची. ती चप्पल बघून वैशाली जी ओरडली, ते मी कधी विसरणार नाही. तिथंच बसून ती हातांनी दगड उपसायला लागली. आम्ही पळालो, पण त्याआधी मैदानातून एक तक्रारीचा आवाज आला.

“आई! मी हितं हाय! बाईंनी चपला घिऊ दिल्या न्हाईत!”

वैशालीनं वळून बघितलं. पोरगी अनवाणी उभी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. आईनं येऊन तिला आधी एक धपाटा घातला आणि मग उचलून घेतली. सगळ्याच आया तसंच करत होत्या, मारत होत्या, मुके घेत होत्या, पुन्हा पुन्हा पाय चाचपून बघत होत्या. फाटकातले बाप्ये टोप्यांनी डोळे पुसत होते. आबा नातीला छातीशी धरून नुसते “आरं देवा, आरं देवा” म्हणत होते. मी तिथंच चिखलात बसलो. मला एवढं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी फाटकाला कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं. “चला,” म्हणाल्या, “आज बी काही...” आणि पुढचं आलं नाही. फाटकाला डोकं टेकून त्या लहान पोरीसारख्या रडल्या. मी नुसता शेजारी उभा होतो. थोड्या वेळानं आबा आले. त्यांच्या हातात सभामंडपाची किल्ली होती. त्यांनी ती बाईंच्या जुडग्यात स्वतः अडकवली.

“उद्यापासून पोरं देवळात बसू द्या. आन् काय धिंगाना घालायचा त्यो घालू द्या.”

पुढं जुनीच्या जागी नवी इमारत झाली. नकाशा आला तेव्हा बाई त्यावर चष्मा टेकवून बसल्या होत्या. प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारी दोन दारं, चाकाच्या खुर्चीला जाईल असा उतार, आणि चपलांच्या मांडण्या इमारतीपासून लांब, कंपाउंडच्या भिंतीला. आबांच्या वडिलांच्या नावाची जुनी कोनशिला बाईंनी ढिगाऱ्यातून आधीच काढून धुऊन ठेवली होती. ती नव्या भिंतीत बसवून घेतली. इमारत पुरी व्हायच्या आत बाई निवृत्त होऊन नगरला राहायला गेल्या.

उद्घाटनाला त्या नगरहून पाहुण्या म्हणून आल्या. गावानं शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या थांबेनात. मग भाषणं सुरू झाली आणि तिसऱ्या भाषणाला मी बघितलं तर व्यासपीठावरची बाईंची खुर्ची रिकामी. मला लगेच कळलं कुठं बघायचं ते. इमारतीच्या मागच्या दारापुढं मंडपवाल्यानं जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाई शाल कमरेला गुंडाळून एकेक खुर्ची बाजूला ओढत होत्या. आणि दुसऱ्या बाजूनं आबा खुर्च्या ओढत होते, धापा टाकत.

“आबा, तुम्ही कशाला? मी पोरांना सांगतो.”

“तुमी भाषान ऐका जावा,” आबा म्हणाले. “हितं काम चाललंय.”

जेवण झाल्याझाल्या बाई निघाल्या. फाट्यापर्यंत सोडायला मी गेलो. वडाप जीप भरलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, आत सरकून बसा. बाई म्हणाल्या, नाही, मी दाराशीच बसणार. जागा झाली. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शाळेकडं लक्ष ठेवा, दारं बघा, असं काही सांगतील.

“सर, काही झालं न्हाई तरी फोन करत जा. झालं की सगळेच करत्यात.”

जीप हलली. दाराच्या कडेला त्यांचा खोचलेला पदर आणि हात वर केलेला दिसत राहिला, मग वळणावर दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी मी फाटकाला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि खिशातून मोबाईल काढला.

“बाई, आज काही झालं नाही.”

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

“बरं झालं हो,” बाई म्हणाल्या. “आता उद्या करा.”